करवंदीतली वाट

१

दुपारची भांडी आवरली की अश्लेषा मागच्या पायरीवर येऊन बसायची. हातात निवडायला काहीतरी असायचं, मेथी नाहीतर तांदूळ. पण नजर असायची बाबांवर. बाबा पेरूखालच्या बाकावर बसलेले असायचे आणि बुलबुल त्यांच्या चपलेपाशी येऊन दाणे टिपायचे. तिला मात्र ते पक्षी जवळ येऊ देत नसत. ती नुसती उठली तरी भुर्रकन उडायचे.

"तू दचकतेस म्हणून तेही दचकतात," बाबा म्हणायचे. ज्या दिवशी त्यांना तिचं नाव आठवत नसे त्या दिवशीही हे वाक्य मात्र बरोबर यायचं.

बेंगळुरातल्या जयनगरातलं ते घर. खाली ती, नवरा मल्हार आणि सासरे म्हणजे बाबा, असे तिघं भाड्यानं, वरच्या मजल्यावर घरमालकीण शुभदाअक्का. बाग अक्कांची. ती काही बघणाऱ्यानं वाहवा करावी अशी नव्हती. पालापाचोळा झाडायचा नाही, दगडांचा ढीग हलवायचा नाही, मातीच्या परळात रोज पाणी भरायचं, आणि फळं निम्मी पाखरांना सोडायची. पुढं लोखंडी फाटक, आणि बाकीच्या तिन्ही बाजूंना माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं करवंदीचं दाट कुंपण. खानापूरच्या रानातून बिया आणून अक्कांनी ते स्वतः वाढवलं होतं. मागच्या कुंपणापलीकडे एक मोकळी साइट होती, कमरेइतक्या गवताची. मालक परदेशात कुठंतरी, त्यामुळं तिथं वर्षानुवर्षं गवताखेरीज काहीच उगवलं नव्हतं.

मिरजेहून बाबांना इकडं आणलं ते सासूबाई गेल्यावर. तेव्हाच त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते दूध आणायला म्हणून बाहेर पडले आणि संध्याकाळी मॅजेस्टिकच्या बसस्टँडवर सापडले. मिरजेच्या गाडीची चौकशी करत, शांतपणे रांगेत उभे. मल्हार त्या दिवशी चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"अजून एकदा असं झालं ना, तर माझ्याकडं इलाज नाही," तो म्हणाला होता. "व्हाइटफील्डच्या पुढं एक आश्रम आहे. मी बघून आलोय. स्वच्छ आहे."

"बाबांना? आश्रमात?"

"मग दिवसभर तू त्यांच्यामागं धावणार? तू? कुकरची शिट्टी झाली तरी तुझ्या हातातलं पातेलं पडतं."

लग्नानंतर तिचं बी.ए.चं शेवटचं वर्ष बाबांनीच पूर्ण करायला लावलं होतं. परीक्षेच्या दिवसांत ते तिला परीक्षा केंद्राच्या दारापर्यंत सोडायचे आणि सुटेपर्यंत समोरच्या चिंचेखाली थांबायचे, ती घाबरते म्हणून. त्या माणसाला आता आपण सांभाळू, तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. फाटकाला कुलूप घातलं, किल्ली कनवटीला लावली. बाकी सगळीकडं करवंदीचे जोडकाटे होतेच.

अक्कांची अट एकच होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मागच्या कुंपणाच्या बुडाशी नेऊन एक भोक दाखवलं होतं. जेमतेम वीतभर.

"हे तेवढं बुजवू नको गं. मुंगसाची वाट आहे. बेडूक, सरडा, सगळी इथनंच येतात-जातात. वाट बंद केली की बाग कसली? भिंत झाली की ती."

२

करवंदं पिकायला लागली तेव्हाची गोष्ट. एके दुपारी तिला बाकावरच डुलकी लागली. डोळे उघडले तेव्हा बाबा समोर उभे होते आणि रुमालात गच्च करवंदं होती. काळीभोर, टपोरी.

"घे. तुला आवडतात ना?"

तिला आवडत होती. तिनं दोन तोंडात टाकली आणि मग तिचं लक्ष त्यांच्या हातांकडं गेलं.

हात स्वच्छ होते.

ती स्वतः सकाळी मूठभर करवंदं काढायला गेली होती तर कोपरापर्यंत ओरखडे उठले होते आणि बोटं चिकानं चिकट झाली होती. साबणानंही तो चीक जात नव्हता. बाबांच्या हातावर एकही ओरखडा नव्हता आणि बोटं नुकतीच धुतल्यासारखी कोरडी होती. म्हातारी, पातळ कातडी; नुसतं खाजवलं तरी रक्त यायचं त्यांना.

खाली पडलेली वेचली असतील, तिनं स्वतःला सांगितलं. पण खाली पडलेल्या करवंदांना माती लागते, देठ सुटलेला असतो. ह्यांना देठ होते.

मग ती त्यांच्या पायजम्याला चिकटलेली कुसळं काढायला खाली बसली. रोजचंच काम असल्यासारखी चार-दोन काढल्यावर तिचे हात थांबले. त्यांच्या बागेत कुसळाचं गवत नव्हतं. ते पलीकडं होतं, साइटवर.

बाहेर पडणाऱ्याला 'कुठं' म्हणून विचारू नये, हे तिच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. तरी विचारलं, "बाबा, कुठं गेला होतात?"

"इथंच की गं," ते म्हणाले आणि हसले.

फाटकाला कुलूप होतं. किल्ली तिच्या कमरेला होती. ती कुंपणाच्या कडेकडेनं सगळीकडं फिरून आली. एक फांदी मोडलेली नव्हती. मागच्या बाजूला मुंगसाची वाट होती तेवढीच होती. तिनं खाली बसून हाताची वीत लावून बघितली. त्यातून माणूस काय, मूलही जाणार नाही. फक्त एक गोष्ट तिनं आधी पाहिली नव्हती. वाटेच्या दोन्ही अंगांच्या फांद्या गुळगुळीत होत्या. जिन्याचा कठडा वर्षानुवर्षं हात फिरून होतो तशा, तुकतुकीत. मुंगसाच्या अंगानं लाकूड असं होतं का, ते तिला माहीत नव्हतं. होत असेल.

३

"वाट बुजवू का, अक्का?" तिनं दुसऱ्या दिवशी विचारलं. अक्का जिन्यात बसून ट्रंकेला कुलूप लावत होत्या. मुलीचं बाळंतपण, हुबळीला निघाल्या होत्या.

"का गं? साप बघितलीस?"

"नाही. बाबा... म्हणजे मला वाटतं ते बाहेर जातात."

अक्का हसल्या ते ट्रंक हलली. "त्या भोकातनं? अगं तुझे मामंजी काय मुंगूस आहेत?"

"पण त्यांच्या कपड्यांना कुसळं होती."

"वाऱ्यानं येतात की. तू स्वल्प नीट जेव, झोप काढ. डोळ्याखाली बघ काय झालंय." मग रिक्षा आली, ट्रंक चढली, आणि अक्का बसता बसता वळून म्हणाल्या, "पाखरांना पाणी, आणि वाट तशीच ठेव. सरी, कळलं ना? मी आले की बघू."

रिक्षा वळली. फाटकाला कुलूप घालताना अश्लेषाच्या मनात आलं, अक्कांनी खरं कारण कधी सांगितलंच नाही. मुंगूस येतं-जातं म्हणाल्या होत्या. पण आपण इथं आल्यापासून मुंगूस काही पाहिलेलं नाही.

४

त्यानंतर बाबा सुधारायला लागले.

रोज नाही. काही दिवस नेहमीचे असायचे. त्या दिवशी ते तिला सुमन म्हणायचे, सासूबाईंच्या नावानं, आणि चहा बशीत ओतून, थरथरत्या हातानं फुंकर मारत प्यायचे. बशीतला निम्मा चहा सदऱ्यावर. अंगाला निलगिरीच्या तेलाचा वास. आणि पायाशी बुलबुल.

काही दिवस चांगले असायचे. चांगल्या दिवशी बाबा बागेतून सरळ चालत यायचे, "अश्लेषा" म्हणून पूर्ण नावानं हाक मारायचे, आजचा वार सांगायचे, पेपरातली बातमी वाचून दाखवायचे. हात स्थिर असायचे. खिशात करवंदं असायची. त्यांनी पुढं केलेला कप ती घ्यायची तेव्हा तिला खरं तर आनंदच व्हायला हवा होता.

पण चांगल्या दिवशी बाबा चहा फुंकत नव्हते. गॅसवरून उतरवलेला, वाफाळता कप उचलून ते पाणी प्यावं तसा पिऊन टाकायचे. पहिल्यांदा ती ओरडलीच, "अहो बाबा, भाजेल!" त्यांनी रिकामा कप खाली ठेवला, तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि मग, उशिरा, रिकाम्या कपावर हळूच एक फुंकर मारली.

आणि बाग गप्प व्हायची. चांगल्या दिवशी बाबा पेरूखाली बसले की बुलबुल येत नसत, दयाळ शीळ घालत नसे, दगडावरचा सरडाही दिसत नसे. पाण्याचं परळ भरलेलं तसंच राहायचं. पानसुद्धा वाजायचं नाही. ह्या दिवसांत पाखरं दुपारची गप्पच असतात, असं तिनं स्वतःला समजावलं. पण आदल्या दिवशी ह्याच वेळेला कलकलाट होता.

एकदा असं झालं. बाबा स्वयंपाकघरात तिच्यासमोर बसून शेंगा सोलत होते, ताठ, नीट, एकही दाणा न फोडता. आणि मागं बागेत कोणीतरी खोकलं. बाबांचाच खोकला. शेवटी 'हं' करून दम घेणारा, गेली चार वर्षं घरात ऐकू येणारा.

तिच्या हातातली पळी खाली पडली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"कोणीतरी खोकलं."

"शेजारी असेल." त्यांनी पुढची शेंग उचलली. "तू फार दचकतेस, अश्लेषा."

ती खिडकीशी गेली. बागेत कोणी नव्हतं. मागच्या कुंपणाच्या पलीकडं गवत हलत होतं, एका जागी, कोणी वाट शोधत फिरावं तसं. मग तेही थांबलं. भिंतीवरून आवाज फिरून येतो, ती मनात म्हणाली. रिकाम्या जागेत घुमतो. कॉलेजात शिकलो होतो आपण. फक्त, ह्या घरात आत्ता कोणी खोकलं नव्हतं. फिरून यायला आवाज आधी व्हावा लागतो.

५

मल्हार तर हरखून गेला. त्या शनिवारी बाबांनी त्याला इंदिरानगरच्या त्याच्या ऑफिसचा पत्ता म्हणून दाखवला, क्रॉस आणि मेन रस्त्यांच्या नंबरांसकट.

"काय जादू केलीस तू? डॉक्टर म्हणाले होते हे परत येत नाही." ती भाजी चिरत असताना तो तिच्या मागं येऊन उभा राहिला. "आश्रमवाल्यांना फोन करून सांगतो, नको म्हणून."

एवढंच ऐकण्यासाठी तिनं उन्हाळा काढला होता. तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "मल्हार, ते बाबा नाहीत असं वाटतं कधीकधी."

"म्हणजे?"

"म्हणजे... चांगल्या दिवशी."

तो हसला, पण डोळ्यांनी नाही. "बाबा आजारी होते तेव्हा तू म्हणायचीस, हे आपले बाबा राहिले नाहीत. आता बरे होतायत तर हे बाबा नाहीत. अशू, पाल दिसली तर तू दोन दिवस त्या खोलीत जात नाहीस. ऐक माझं. हे असलं कोणाला बोलू नकोस."

ती नाही बोलली. पण एक गोष्ट तिला पटली होती: बाबा बाहेर जातात. कसे, ते कळत नव्हतं. पण जातात आणि येतात. आणि आज ना उद्या एखाद्या वाईट दिवशी ते जातील आणि त्यांना परतीची वाट आठवणार नाही. मग आश्रम. बाकीचं सगळं तिच्या मनाचे खेळ असतील, पण ते जातात एवढं मात्र खरं होतं. अक्का काहीही म्हणोत. त्यांना पाखरं सांभाळायची होती, हिला माणूस.

सोमवारी दुपारी तिनं बाबांच्या खोलीत डोकावून पाहिलं. ते कॉटवर झोपले होते, भिंतीकडं तोंड करून, चादर खांद्यापर्यंत. श्वास संथ चालला होता. तिनं दाराला बाहेरून कडी घातली आणि बागेत गेली.

छाटलेल्या करवंदीच्या फांद्या कोपऱ्यात वाळत पडल्या होत्या. ती एकेक आणून वाटेत कोंबत गेली, बुंधा आत, शेंडा बाहेर, एकीत दुसरी अडकवत. वडिलांच्या शेतावर कुंपणातली छेंडं, भगदाडं बुजवताना पाहिलं होतं तसं. वरून काथ्या आवळून बांधला. हातांची चाळण झाली. पण काम झालं तेव्हा तिला कित्येक आठवड्यांत वाटलं नव्हतं इतकं शांत वाटलं. आता सगळीकडं काटे होते. कोणी जाणार नव्हतं.

परत येताना तिच्या लक्षात आलं, आपल्या हातून एवढा आवाज झाला, फांद्या मोडल्या, आपण दोनदा ओरडलो, तरी एकही पाखरू उडालं नाही. उडायला बागेत पाखरू नव्हतंच.

६

तिनं कडी काढली. बाबा उठून बसले होते, चादरीची नीट घडी करून.

"चहा टाकतेस?"

तिनं चहा केला. कप ठेवला आणि शेजारी मुद्दाम बशी ठेवली. बाबांनी बशीकडं पाहिलं. मग कप उचलला आणि वाफेसकट रिकामा केला.

ती स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून उभी राहिली.

"छान काम केलंस," ते म्हणाले. "मागचं."

"तुम्ही झोपला होतात ना?"

त्यांनी पेपर उघडला आणि ते वाचायला लागले.

मल्हार त्या दिवशी लवकर आला. बापलेकांच्या गप्पा रंगल्या, मल्हारला चौथीत मिळालेल्या बक्षिसापर्यंत जाऊन पोचल्या. "थांबा, आज काहीतरी गोड हवं," म्हणत तो चपला घालून फोर्थ ब्लॉकच्या दुकानाकडं निघाला. जाताना त्यानं तिच्या गालाला हात लावला. इतकं खूश तिनं त्याला बेंगळुरात आल्यापासून पाहिलं नव्हतं.

ऊन उतरलं होतं, अंधार पडायचा होता. फाटक वाजलं, आणि ते वाजणं थांबल्यावर तिला मागून दुसरा आवाज ऐकू आला. वाळक्या काट्यांवर काहीतरी घासत होतं. थांबत होतं. पुन्हा घासत होतं.

"सुमन?" कुंपणापलीकडून हाक आली. "अगं सुमन, इथं दार होतं ना?"

ती धावली. पायात चप्पल नव्हती. कुंपणाशी गुडघे टेकून तिनं बांधलेला काथ्या ओढला, तो तुटेना. मग तिनं फांद्यांच्या सांदीतून हात आत घातला, खांद्यापर्यंत, आणि पलीकडून एका हातानं तो धरला. थरथरता, पातळ कातडीचा. बोटं रक्तानं आणि चिकानं चिकट झालेली. निलगिरीचा वास आला.

"बाबा! बाबा, मी आहे. थांबा, मी उघडते. हात सोडू नका."

"बरं," ते म्हणाले. आज्ञाधारक मुलासारखे.

"राहू दे, अश्लेषा." मागून, पायरीवरून आवाज आला. चढा नाही, रागाचा नाही. "दिवे लागायची वेळ झाली. आत ये."

तिनं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या हातानं ती फांद्या उपसत राहिली. एक निघाली, दुसरी निघाली. वाट मोकळी होत होती; वीतभर, मग त्याहून जास्त. ह्या भोकातून माणूस जाणार नाही असं आपण कशावरून म्हणत होतो, तिला कळेना. ती आडवी होऊन आत बघायला लागली.

पलीकडं बाबा गवतात उकिडवे बसले होते. सदरा फाटलेला, कपाळावर ओरखडे, कानाशी एक काटा रुतलेला. ते तिच्याकडंच बघत होते, आणि ओळख लागत नसल्यासारखे संकोचून हसत होते. त्यांच्या मागं कोणीतरी होतं. तिला फक्त साडीचा काठ दिसला, हिरवा, आणि गवतावरून नेटकेपणानं उचलून धरलेल्या निऱ्या. तिनं स्वतःच्या अंगाकडं पाहिलं नाही. आज सकाळी कोणती साडी नेसली ते तिला माहीत होतं.

ती बाई खाली वाकली. चेहरा फांद्यांच्या वर राहिला. तिनं बाबांच्या पाठीवरून हात फिरवला, कानाजवळचा काटा अलगद काढला. त्या हातावर एकही ओरखडा नव्हता.

"बाबा," ती बाई म्हणाली. आवाज शांत होता, जरासुद्धा न घाबरलेला. असा आवाज आपला असावा असं अश्लेषाला जन्मभर वाटत आलं होतं. "किती शोधलं तुम्हाला. चला, घरी जाऊ."

"बाबा, नका!" अश्लेषा ओरडली. तिचा आवाज फाटला. "मी अश्लेषा! मी इथं आहे!"

त्या ओरडण्यानं म्हातारा दचकला. त्यानं एकदा सांदीतल्या त्या ओरबाडलेल्या, रडणाऱ्या चेहऱ्याकडं पाहिलं, एकदा वर, शांतपणे वाट बघत थांबलेल्या बाईकडं. आणि त्याचा चेहरा सैल झाला.

"आलो गं, सूनबाई," ते म्हणाले.

उठण्याआधी त्यांनी अश्लेषाच्या हातावर दुसऱ्या हातानं दोनदा थोपटलं. रस्त्यात कोणा परक्या माणसानं पत्ता सांगायची खटपट केली म्हणजे आपण थोपटतो, तसं. मग एकेक बोट सोडवून घेतलं.